साक्षीचे उद्गारचिन्ह

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या कोकणपट्टीतल्या पुष्कळ घरांत पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. हे कडू रानफळ आता बहुधा बाजारातूनच येते. त्याचा वेल पूर्वी गावात कोणत्या कुंपणावर होता, असे विचारले तर वडीलधाऱ्यांच्या आठवणीखेरीज दुसरा पुरावा सापडत नाही. खोपटला राहणाऱ्या माझ्यासारख्या सामान्य वाचकाने वनस्पतींचे ग्रंथ उघडावेत, ते असल्या प्रश्नांसाठी.

या विषयातला आपल्याकडचा मातब्बर ग्रंथ थिओडोर कुक यांचा. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा हा ‘फ्लोरा’ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. कुक पेशाने इंजिनिअर. रेल्वेसाठी वसईचा लोखंडी पूल त्यांनी बांधला. ग्रंथ दिसायला मोठा रूक्ष, पण त्यातली एक खूण मला फार मोलाची वाटते. ठिकाणापाशी वनस्पती गोळा करणाराचे नाव येते, आणि तो नमुना कुक यांनी स्वतः पाहिला असेल तर नावापुढे उद्गारचिन्ह. ते आश्चर्याचे नव्हे, साक्षीचे! त्या नावांत स्टॉक्स हे डॉक्टर आहेत, आणि आधी जकात खात्यात, मग वनखात्यात असलेले डॅलझेल आहेत. पोटाचा उद्योग सांभाळून रानात हिंडणाऱ्यांच्या श्रमांवर हा ग्रंथ उभा आहे, आणि ते ऋण तो पानोपानी फेडतो.

त्याची उणीवही इथेच आहे. दुर्मिळ वनस्पतीला गावाचे नाव मिळते. नेहमीच्या वनस्पतीची मात्र ‘इलाख्यात सर्वत्र’ एवढ्यावर बोळवण होते. जे सर्वत्र आहे ते कमी होऊ लागले, तर कुठून आणि केव्हा, हे सांगायचे कोणी? शेते गेली, इमारती आल्या. त्यांच्याबरोबर काय गेले, ते या दोन शब्दांवरून कळत नाही.

अलीकडचे पुस्तक म्हणजे श्रीकांत इंगळहळीकर यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ (२००१). हेही इंजिनिअरच. पाचशे फुले छायाचित्रांसह देऊन त्यांनी डोंगर चढणाऱ्यांना डोळे दिले. परंतु हे पुस्तक ओळख पटवते. अमुक झाड अमुक दिवशी अमुक जागी होते, ही नोंद ठेवणे त्याचे काम नव्हे. ते काम वाचकाकडे उरते.

ते कसे करावे, याचा धडा १९६२ साली निघालेल्या ब्रिटिश वनस्पतींच्या नकाशासंग्रहात आहे. देशाचे दहा-दहा किलोमीटरचे चौकोन पाडले आणि हौशी माणसांनी चौकोनागणिक यादी केली. नकाशावर दुर्मिळ फुलाला जसा ठिपका, तसाच वाटेवरच्या गवतालाही. कुक यांच्या ‘सर्वत्र’ला मला तरी याहून चांगले उत्तर ठाऊक नाही.

ठाणे जिल्ह्याला असा नकाशासंग्रह हवा. येऊरच्या डोंगरावर जाणारे पुष्कळ आहेत, एस.टी. स्टँडच्या भिंतीलगतचा आघाडा लिहून ठेवणारा पाहिजे. नाव, जागा, तारीख आणि पाहणाराची सही, एवढे पुरे. मग त्या सहीपुढे उद्गारचिन्ह द्यायला उद्या कोणी तरी कुक भेटेलच.