‘जी’ म्हणणारी भिंत

पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीविषयी लिहिताना ‘लोककलेचा वापर’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. मी पेठचा. पुणे-नाशिक रस्त्याने मंचर ओलांडले की पुढे नारायणगाव. जत्रांच्या सुपाऱ्यांसाठी फडांच्या राहुट्या तिथेच लागतात. या तमाशाच्या मुलखातून पाहिले की ‘वापर’ हा शब्द मला अपुरा वाटतो.

तमाशात झीलकरी शाहिराच्या मागे उभे राहून ‘जी जी’ म्हणत ध्रुपद उचलतात. वगातल्या राजाने न्याय केला काय अन् अन्याय केला काय, त्यांची ‘जी’ ठरलेली. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधील माणसांच्या भिंतीचे नाते कोकणातल्या खेळ्यांशी सांगतात, ते बरोबरच आहे. पण तिचे काम मला झीलकऱ्यांचे वाटते. गणपतीला नमन करणारी हीच रांग घटकेत पुण्याचे ब्राह्मण होते, घटकेत पडदा होऊन नानाची कृत्ये झाकते. जब्बार पटेलांनी मागची रांग पुढे आणली आणि तिच्या होकाराला गुन्ह्यातला वाटेकरी केले. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांमुळे तो होकार गोड वाटतो, म्हणून अधिकच बोचतो.

संस्थेचा जन्मही होकाराच्याच प्रश्नातून झाला. १६ डिसेंबर १९७२ रोजी हे नाटक प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणले. १९ प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. भिंतीत उभ्या राहणाऱ्या मंडळींनी या वेळी मात्र ‘जी’ म्हटले नाही. ती बाहेर पडली आणि १९७३ साली थिएटर ॲकॅडमी उभी राहिली. पुढच्याच वर्षी सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये मेलेला माणूसच स्वतःच्या मरणाचे कीर्तन करू लागला. इथेही परंपरेचा साचा तोच, पण होकार काढून घेतलेला.

तरीही एक हिशेब मांडायलाच हवा. पटेल दौंडला दवाखाना चालवत, नाना रंगवणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. पोट नाटकावर नव्हते, म्हणून नकार परवडला. फडाचे तसे नाही. जत्रेतले गाव नाराज झाले तर पुढच्या वर्षीची सुपारी जाते. मग तंबूतली सगळीच माणसे उपाशी. त्यामुळे फडाने प्रयोग केले नाहीत असे म्हणण्यापूर्वी नकाराची किंमत कोण भरणार होते, हे विचारले पाहिजे. ॲकॅडमीची थोरवी याने उणावत नाही. पण झीलकऱ्याची ‘जी’ नाटकवाल्यांनी प्रश्नात बदलली, तेव्हा खुद्द झीलकरी मात्र राहुटीबाहेर पुढच्या सुपारीची वाट पाहत होता, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.