कौतुकाची शाल आणि दुसरा अंक

दलित नाटककारांच्या नव्या नाटकांची अभिवाचनं हा आजचा विषय. अभिवाचन म्हणजे काय, हे दौंडकरांना सांगायला नको. तरी थोडक्यात सांगतो. नेपथ्य नाही, प्रकाशयोजना नाही. चार-सहा खुर्च्या, प्रत्येकाच्या हातात संहिता. रंगसूचनासुद्धा कुणीतरी वाचून दाखवतो.

अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की शोकांतिकेचा परिणाम प्रयोगाशिवाय, नुसत्या वाचनानंही होतो. वर्गात मी हे अनेक वर्षं शिकवलं. पण त्याच्यासमोर सोफोक्लीजची सिद्ध झालेली नाटकं होती. नवं नाटक अजून ओलं असतं. त्याचं वाचन परिणामासाठी कमी आणि परीक्षेसाठी जास्त असतं.

अमेरिकेतला कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सन घ्या. कनेक्टिकटमधल्या ओनील नाट्यकेंद्रानं त्याची आधीची नाटकं परत पाठवली होती. १९८२ साली 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' घेतलं. तिथे नट हातात संहिता घेऊन नाटक उभं करतात, लेखक ऐकतो, लोक तोंडावर बोलतात, लेखक पुन्हा लिहायला बसतो. १९८४ला ते नाटक ब्रॉडवेवर गेलं. नकार मिळत होता म्हणजे त्याला लेखक समजून वाचलं जात होतं, असं मी म्हणेन.

आपल्या तरुणांनी १९७२मध्ये दलित पँथर हे नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं. नाव आलं, ही वाचनाची रीत मात्र फारशी आली नाही. प्रेमानंद गज्वी यांच्या बोधी नाट्य परिषदेच्या कार्यशाळा हा मोठा अपवाद. नवं नाटक लेखकानं वाचायचं आणि चर्चेला सामोरं जायचं. एरवी काय होतं? शाल, श्रीफळ, "विषय फार धाडसी", टाळ्या, चहा. दुसरा अंक ढिला पडलाय, हे कुणी म्हणत नाही. का? दलित लेखकाला दुखवू नये म्हणून. हा आदर नव्हे बरं का! समोरच्याला बरोबरीचा न मानण्याची ही सभ्य तऱ्हा आहे.

आता कुठलं नाटक वाचनात टिकतं? गज्वींचं 'घोटभर पाणी' टिकतं, त्याला शब्द पुरतात. दत्ता भगतांचं 'वाटा पळवाटा' तर वाचनासाठीच लिहिलंय असं वाटावं. काका, प्राध्यापक सतीश आणि तरुण अर्जुन, म्हणजे चळवळीच्या तीन पिढ्या, वाद घालतात आणि वादाला नेपथ्य लागत नाही. उलट २०१२चं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' खुर्चीत बसून वाचा, निम्मं जाईल. संभाजी भगतांचं संगीत आणि जालन्याकडच्या नटांची बोली हेच त्याचं अंग. चौफुल्याच्या कलाकेंद्रातली लावणी कुणी कागदावरून वाचून दाखवली तर काय उरेल, तसंच.

बोलीचं आणखी एक. शहरातला नट पहिल्यांदाच संहिता बघतो आणि 'व्हतं'चं नकळत 'होतं' करतो. किंवा त्याहून वाईट, प्रत्येक 'व्हतं'वर हशा वसूल करतो. माणूस रडत असतो, प्रेक्षक हसत असतात.

पण वाचनात एक गोष्ट अशी दिसते जी प्रयोगात लपते. प्रयोगात पात्र विंगेत जातं. वाचनात सगळे समोर बसलेले. ही नाटकं बहुतेक पुरुषांनी लिहिलेली. चळवळीवर पुरुष बोलतात, भांडतात, आणि बाईची भूमिका वाचणारी नटी पानं मांडीवर ठेवून बसून राहते. मी एका वाचनाला हे अर्धा तास बघत होतो. मध्ये तिला एक वाक्य आलं, चहा ठेवण्याचं. ज्यांच्या आया-आज्या मोर्च्यात पुढे होत्या, त्यांच्या नाटकात हे व्हावं?

लेखक पहिल्या रांगेत होता. त्याला ते दिसलं असेल तर घरी जाऊन दोन-तीन प्रवेश नव्यानं लिहिता येतात. तिकिटं विकली गेल्यावर ते जमत नाही. म्हणून चर्चेत पहिला प्रश्न तिच्याबद्दल विचारायचा, आणि शाल त्यानंतर द्यायची.