443 आणि बाकीचे

आमच्या उचगावात क्रिकेटचा विषय निघाला की चहाच्या गाड्यावरचं एखादं म्हातारं हमखास म्हणतंच : "भाऊसाहेबाचं नऊ रन खाल्लं गा त्या राजानं!" बोलताना तोंड असं करतं, की जणू घरच्या शेताचा बांध कुणी कोरला.

गोष्ट खरी आहे. डिसेंबर 1948. पुणं. रणजी करंडकात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा डाव 238 वर आटोपला. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर जे उभे राहिले ते हललेच नाहीत. के. व्ही. भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटला 455 ची भागी. भांडारकर 205 वर गेले, निंबाळकर नाबाद 443. महाराष्ट्र 4 बाद 826. ब्रॅडमनच्या 1930 सालच्या नाबाद 452 च्या जागतिक विक्रमाची बरोबरी नऊ धावांवर आली. आणि सुट्टीत काठियावाडच्या कप्तानानं, राजकोटच्या ठाकूरसाहेबानं, सामनाच सोडून दिला. विनवण्या झाल्या. ऐकलं नाही. टीम निघून गेली.

प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये भारतीय माणसाची सर्वांत मोठी खेळी आजही तीच. आणि त्या माणसाला देशासाठी एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. 11 डिसेंबर 2012 ला, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते कोल्हापुरातच वारले.

ही गोष्ट मी पोरवयापासून ऐकत आलोय. चांगली गोष्ट आहे. पण चांगली म्हंजे तपासायची नाही असं कुठंय? आपण कवितेची चिरफाड करतो, तशी हिचीही करू. भाऊसाहेबांवर माझा राग नाही. राग सांगणाऱ्यावर आहे.

दोस्तांनो, पहिला प्रश्न साधा. 443 धावा काढल्या कुणी ते सांगता. दिल्या कुणी? ती खेळी 494 मिनिटांची. आठ तास चौदा मिनिटं. म्हंजे आमच्या सूतगिरणीतली एक पाळी भरून वर थोडं. तेवढा वेळ समोरून कुणीतरी धावत येत होतं, हात फिरवत होतं, आणि मार खाऊन परत मागं जात होतं. त्या गड्यांची नावं चहाच्या गाड्यावर कुणी घेत नाही. रिंगफ्रेमवर रात्रभर तुटलेले दोरे जोडणाऱ्याचं नाव कापडाच्या ताग्यावर छापलेलं असतं काय? तसंच ते.

आणि सामना सोडायचा निर्णयही त्यांचा नव्हता. अब्रू कप्तानाची जात होती, घाम बाकीच्यांचा. इथं तारीख बघा. फेब्रुवारी 1948 मध्येच काठियावाडची संस्थानं विलीन झाली होती. ठाकूरसाहेबाचं राज्य डिसेंबरात उरलंच नव्हतं. तरी कप्तानपद उरलं होतं! राज्य कागदावर जातं, मैदानावर जायला वेळ लागतो. कोल्हापुरातली म्हातारी अजून "त्या राजानं" असंच म्हणतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, 29 नोव्हेंबर 1948 ला, दिल्लीत घटना समितीनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं होतं. मसुदा कुणाचा ते या पानांवर सांगायला नको. आणि त्याच 1948 सालात मुंबईत एक मराठी पुस्तक निघालं : 'माझे क्रीडा-जीवन'. लेखक विठ्ठल पालवणकर. जातीनं चांभार. 1923 साली चौरंगी सामन्यात हिंदूंच्या संघाचा कप्तान, आणि त्या साली त्यानं संघाला जिंकूनही दिलं. नऊ धावांचं दुःख गावोगाव गेलं. हे पुस्तक किती जणांच्या हातात गेलं?

विठ्ठलचा थोरला भाऊ बाळू. डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात महिना तीन-चार रुपयांवर मैदानाची झाडलोट करायचा, रोलर ओढायचा, जाळी बांधायचा. साहेबलोक सरावाला आले की त्यांना बॉल टाकायचा. तासन् तास. ग्रेग नावाचा एक साहेब तर त्याच्यावरच तयार झाला. पण इतकी वर्षं बॉल टाकून बाळूच्या हातात एकदाही बॅट दिली गेली नाही, असं तो आपल्या मुलाला सांगायचा. पुढं पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांशी सामना जिंकायचा झाला तेव्हा त्यांनी बाळूला घेतलं. मैदानात त्यानं टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू हातात घ्यायचे. चेंडू चामड्याचाच की! पण चहाच्या सुट्टीत त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. 1906 मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवलं ते त्याच्या गोलंदाजीच्या जोरावर. 1911 साली पहिला हिंदी संघ विलायतेला गेला. संघ सपाटून हरला, बाळूनं 114 बळी घेतले. हिंदूंचा कप्तान मात्र त्याला कधी केलं नाही.

माझं म्हणणं असं आहे. क्रिकेटमध्ये बॅट ही मालकाची वस्तू आहे आणि बॉल टाकणं ही मजुरी. आपल्याकडची क्रिकेटची सगळी आठवण मालकाच्या बाजूनं लिहिलेली आहे. महाराष्ट्राच्या संघाचंच बघा. रणजी करंडक दोनदा जिंकला, 1939-40 आणि 1940-41, दोन्ही वेळा कप्तान पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर. त्यानंतर अंतिम सामन्यात हार : 1970-71 ला मुंबईकडून, 1992-93 ला पंजाबकडून, 2013-14 ला कर्नाटककडून. मुंबईचे 42 करंडक झाले. विदर्भानं 2017-18 पासून तीन मिळवले. एकाच राज्यातले तीन संघ, त्यात राज्याचं नाव लावणारा सगळ्यात मागं. पण धावांचे आकडे विचारा! 443. 2016 साली स्वप्नील गुगळे नाबाद 351 आणि अंकित बावणे नाबाद 258, दिल्लीविरुद्ध 594 ची अभंग भागी. महाराष्ट्र 2 बाद 635, डाव घोषित. पुढं? दिल्लीनं 590 केल्या, सामना अनिर्णित. सामना जिंकायला समोरचे वीस गडी बाद करावे लागतात, हे उचगावच्या माळावरच्या पोरालाही कळतं. ज्या संघानं फटके मारणाऱ्यांचेच पवाडे गायले, त्याच्या कपाटात करंडक कमी का, याचं थोडं उत्तर तरी त्या पवाड्यांत आहे. थोडं म्हणतोय. सगळं नाही.

हे मी आमच्या एका कार्यकर्त्या मित्राला ऐकवलं तर तो भडकला. म्हणाला, "बाळूचं कौतुक सांगू नकोस. 1937 ला तो बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला. काँग्रेसच्या तिकिटावर." बरोबर आहे. उभा राहिला आणि पडला. 1932 मध्येही पुणे कराराच्या वेळी तो गांधींच्या बाजूनं होता. मी त्या वेळी मुंबईत मतदार असतो तर बाळूला मत दिलं नसतं. पण एक विसरू नको गड्या. बाबासाहेबांना तरुणपणी बाळूचं कौतुक होतं, त्याच्या सत्कारासाठी ते स्वतः पुढं झाले होते. राजकारणात वाट चुकलेल्या माणसाचा डावा हातही आपण टाकून द्यायचा काय? सनातन्यांनी त्याला चहाच्या भांड्यावरून बाहेर ठेवला, आपण मतपेटीवरून ठेवायचा. मग तो राहायचा कुणाचा? मित्र गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे, पाळीचा भोंगा झाला म्हणून.

आणखी एक नाव. विजय हजारे. सांगलीचा, ख्रिस्ती. 1939-40 मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316. तेव्हा पंचरंगी सामने चालत : हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि जे कुणातच बसत नाहीत त्यांचा पाचवा संघ. त्याचं नाव 'द रेस्ट'. बाकीचे! 1943 च्या अंतिम सामन्यात हजारेनं हिंदूंविरुद्ध 309 केल्या, संघाच्या एकूण 387. अख्ख्या बाकीच्यांचा डाव एकट्यानं ओढला. पंचरंगी सामने 1946 नंतर बंद पडले ते बरंच झालं. रणजीत संघ धर्माचे नाहीत, मुलखाचे आहेत. पण मुलूख म्हंजे कोण? पाटी बदलली, पाटीखालचा दरवाजा किती उघडला?

मी दरवाजाचंच बोलतो. रणजीचा सामना चार दिवसांचा. बाद फेरीत पाच. त्याच्या आधी क्लब, निवड चाचणी, जिल्हा, पुण्याच्या चकरा. चार दिवस कुणाच्या खिशात असतात? माझी सलग चार खाडे झाले तर पाचव्या दिवशी मशिनीवर दुसरा उभा असतो. एका सीझन बॉलला माझी एक हजेरी जाते, पॅड-ग्लोव्हज तर बोलूच नका. म्हणून आमच्या वस्तीत टेनिस बॉल. गांधीनगरच्या कापड दुकानांत हमाली करणारी, शिरोळीच्या फौंड्रीत राबणारी पोरं रविवारी सहा-सहा षटकांचे सामने खेळतात. खेळ तोच, पण वेळ हप्त्यानं आणलेला.

माझा आतेभाऊ डावखुरा आहे. बॉल असा वळवतो की माळावरच्या खड्ड्याला श्रेय द्यावं की त्याला, कळत नाही. तीन वर्षांमागं तो एका क्लबात गेला. तिथं त्याला ठेवून घेतलं. वाटलं, जमलं. दोन महिने रोज संध्याकाळी जाळीत बॉल टाकायला लावलं, पैसेवाल्यांच्या पोरांना. संघाची यादी लागली तेव्हा त्याचं नाव नव्हतं. बॅट कधी मिळाली का म्हणून मी विचारलं तर हसला. मी त्याला तेव्हा बाळूचं काही सांगितलं नव्हतं.

आता सांगितलंय. परवा रात्रपाळीहून येताना त्यानं विचारलं, "त्यो बॉलची शिवण कशी धरायचा रे?" निंबाळकरांनी किती मिनिटं बॅट धरली ते या शहराला तोंडपाठ आहे. बाळूची बोटं चेंडूवर कुठं असायची, हे मात्र कुणी पोराला शिकवलेलं नाही. विठ्ठलनं सख्ख्या भावाला जवळून पाहिलेलं. 'माझे क्रीडा-जीवन' ची जुनी प्रत वाचकांपैकी कुणाकडं, कुणाच्या वाचनालयात धूळ खात पडली असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. येऊन हातानं उतरवून घेईन. रविवारी सुट्टी असते.