दुकानाचा दर्शनी भाग आणि भाडेपावती : नागरी छायाचित्रणाविषयी एक विचार

महानगरातील जुन्या, एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालविलेल्या दुकानांचे छायाचित्रण हा आता एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. त्याची परंपरा पॅरिसच्या युजीन आत्जेपर्यंत (मृत्यू १९२७) मागे नेता येते. आपल्या छायाचित्रांना तो चित्रकारांसाठीचे दस्तऐवज म्हणत असे. बेरेनिस ॲबट यांचे ‘चेंजिंग न्यूयॉर्क’ (१९३९) हा पुढचा टप्पा. जेम्स व कार्ला मरे यांच्या ‘स्टोअर फ्रंट’ (२००८) या ग्रंथाने या प्रकाराची आजची रीत रूढ केली : दुकानासमोर उभे राहावे, पाटी पूर्ण दिसावी. धोबीतलावचे कयानी (१९०४), बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (१९२३) किंवा गिरगावातील दुकाने यांची छायाचित्रे बहुधा याच धर्तीची असतात.

या छायाचित्रांत डोळ्यांना सुखावते ते काय? पोपडे निघालेली भिंत, काळवंडलेले लाकूड, पुसट पाटी. प्रस्तुत लेखकाच्या मते या खुणा केवळ काळाच्या नाहीत, भाडेकायद्याच्याही आहेत. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी जखडून ठेवले. त्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घेतली. तरी जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बव्हंशी कायम राहिले. भाडे नाममात्र, म्हणून घरमालक दुरुस्तीस हात लावीत नाही. आणि भाडे नाममात्र, म्हणूनच स्वस्तात चहा व ब्रुन-मस्का देणारे हॉटेल मोक्याच्या कोपऱ्यावर तग धरते. भिंतीचे झडणे आणि दुकानाचे टिकणे ही एकाच कारणाची दोन फळे होत. छायाचित्र पहिले दाखविते, कारण मात्र झाकून ठेवते. पाहणाऱ्यास वाटते, दुकान वृद्ध झाले, आता जाणारच. मरण नैसर्गिक ठरले की उत्तरदायी कोणीच उरत नाही. पागडीचा व्यवहार, पुनर्विकासाचा करार, मेट्रो-३ साठी गिरगाव-काळबादेवीत पाडलेल्या इमारती हे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. ते चौकटीबाहेर राहतात.

जांब समर्थसारख्या गावात दुकान पुष्कळदा घराचाच पुढचा भाग असते. त्यामुळे आपल्याकडील विद्यार्थ्यांस, जुने दुकान म्हणजे मालकाची स्वतःची जागा, असे सहज वाटते. भाडेपावती कोणाच्या नावे, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही आणि छायाचित्रही तो उपस्थित करीत नाही.

मरे दांपत्याने दुकानदारांच्या मुलाखती सोबत छापल्या, हे त्यांच्या ग्रंथाचे खरे बळ होय. जागा स्वतःची की भाड्याची, ही चिंता तेथे बोलू लागते. याउलट ॲबट यांच्या ग्रंथासाठी एलिझाबेथ मॅककॉसलंड यांनी लिहिलेली टिपणे प्रकाशकाने बरीच छाटली होती. आपल्याकडील बहुतेक छायाचित्रांखाली तर दुकानाचे नाव व स्थापनावर्ष एवढेच असते. स्थापनावर्ष ही जाहिरात झाली, इतिहास नव्हे.

पुनर्विकासानंतर नव्या इमारतीच्या तळमजल्यावर गाळा मिळालेल्या त्याच दुकानाचे छायाचित्र मात्र क्वचितच आढळते. गल्ल्यावर तेच कुटुंब असले तरी तेथे पोपडे नसतात.