स्वप्न आणि दृष्टांत : ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथातील स्वप्नप्रसंगांविषयी

मराठी भाषा स्वप्नाविषयी बोलताना दोन वेगळी क्रियापदे वापरते. स्वप्न ‘पडते’ आणि दृष्टांत ‘होतो’. पहिल्यात स्वप्न पाहणाऱ्याच्या अंगावर काहीतरी येऊन पडते, त्याला अर्थ असेल किंवा नसेल. दुसऱ्यात मात्र अर्थ आधीच ठरलेला असतो, आणि कोणीतरी तो सांगत असते. हाच शब्द साहित्यशास्त्रात एका अलंकाराचे नाव आहे आणि महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त तो तत्त्व उलगडून दाखवणाऱ्या छोट्या गोष्टीला लावलेला आहे. म्हणजे ज्या स्वप्नाला आपण दृष्टांत म्हणतो ते अर्थनिर्णयाची वाट पाहत नाही, कारण ते स्वतःच अर्थनिर्णय असते. संतचरित्रांतील स्वप्नांना फ्रॉइड किंवा युंग यांची परिभाषा लावणाऱ्या अभ्यासाची खरी अडचण येथे सुरू होते. विद्यापीठीय प्रबंधांत ती बहुधा ओलांडूनच पुढे जाण्याची प्रथा आहे.

दासगणूंचा ‘श्रीगजानन विजय’ हा एकवीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. गजानन महाराजांचे देहावसान शेगाव येथे 8 सप्टेंबर 1910 रोजी झाले आणि ग्रंथ 1939 मध्ये पूर्ण झाला. बुलढाणा जिल्ह्यात आणि एकूणच वऱ्हाडात पारायणग्रंथ म्हणून त्याचे जे स्थान आहे त्यामुळे त्याची वाङ्मयीन चिकित्सा फारशी झालेली नाही. भाविकाला तिची गरज वाटत नाही आणि समीक्षकाला ती प्रतिष्ठेची वाटत नाही. वास्तविक या ग्रंथातील स्वप्ने ही कथनाची बिजागरे आहेत.

नवव्या अध्यायातील बाळापूरच्या बाळकृष्ण रामदासी यांचा प्रसंग घ्यावा. हे वृद्ध रामदासी दरवर्षी पत्नीसह पायी सज्जनगडाची वारी करीत. त्यांच्या वाटेवरची गावे कवीने नावानिशी दिली आहेत. त्यांत शेगाव, खामगाव, मेहेकर आणि देऊळगाव राजा ही आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील गावे येतात, आणि मग जालना आणि समर्थांचे जन्मगाव जांब यांवरून वाट पुढे सरकते. शरीर थकल्यावर वारी यापुढे घडणार नाही, हे दुःख घेऊन ते समर्थांच्या समाधीपुढे उभे राहतात. त्या रात्री स्वप्नात समर्थ येतात आणि पुढच्या दासनवमीला आपणच बाळापूरला येऊ असे आश्वासन देतात. पुढच्या वर्षी दासनवमीला दारात गजानन महाराज उभे असतात. बाळकृष्णांना जागेपणीच कधी समर्थ दिसतात, कधी गजानन, आणि ते गोंधळतात. मग दुसऱ्या स्वप्नात समर्थच येऊन दोघांतील भेदाचा संशय फेडतात.

पहिले स्वप्न फ्रॉइडच्या चौकटीत इतके सहज बसते की त्यामुळेच सावध व्हावे. अपुरी राहणारी इच्छा, नेम मोडल्याची टोचणी आणि दोहोंचे एकाच वेळी शमन. ‘इच्छापूर्ती’ हा शब्द उच्चारला की काम संपले असे वाटते. पण चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे जे सात प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘प्रार्थित’, म्हणजे इच्छेतून आलेले स्वप्न, हा एक प्रकार आहेच. इतकेच नव्हे, तर असे स्वप्न तेथे निष्फळ मानले आहे. ‘भाविक’ स्वप्न, म्हणजे होणाऱ्या गोष्टीचे सूचन करणारे, हा त्याहून निराळा प्रकार. इच्छा स्वप्न घडवते ही गोष्ट परंपरेला ठाऊक होती आणि अशा स्वप्नावर विसंबू नये हेही तिने सांगून ठेवले होते. दासगणूंच्या कथेत ही दोन खानी एकमेकांत मिसळतात. उघडउघड प्रार्थित असलेले स्वप्न भाविक ठरते. म्हणून कथेचा ताण आहे तो स्वप्न खरे होण्यात नाही. स्वप्नातील व्यक्ती एक आणि दारात आलेली व्यक्ती दुसरी, या फरकात तो आहे. इच्छापूर्ती झाली, पण अक्षरशः झाली नाही.

हा फरक मिटवण्याचे काम दुसऱ्या स्वप्नाकडे येते. फ्रॉइडने ‘स्वप्नांचा अर्थ’ या ग्रंथात (1899 मध्ये प्रसिद्ध, मुखपृष्ठावर 1900) स्वप्नकार्याच्या प्रक्रिया सांगताना दोन व्यक्ती एकाच प्रतिमेत मिसळण्याचे वर्णन केले आहे आणि तिला संक्षेपण म्हटले आहे. तेथे मिश्र प्रतिमा झोपेत तयार होते आणि जागे झाल्यावर विश्लेषक तिचे घटक वेगळे करतो. बाळापुरात क्रम उलटा आहे. मिश्र प्रतिमा जागेपणी दिसते, आणि स्वप्न तिचे विश्लेषण करते. स्वप्नच येथे विश्लेषकाच्या आसनावर बसले आहे. ‘दृष्टांत’ या शब्दाचा अर्थ याहून नेमका दाखवणारा प्रसंग मराठीत शोधावा लागेल.

विस्थापनाची संकल्पनाही येथे विलक्षण शब्दशः उपयोगी पडते. भावनेचा भार एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकतो तसे साताऱ्याजवळचे पीठ वऱ्हाडात सरकते. मेहेकर आणि देऊळगाव राजावरून दक्षिणेकडे जाणारी वाट स्वप्नात उलटी चालू लागते. म्हाताऱ्या भक्ताची सोय हे या स्वप्नाचे प्रकट कारण. सुप्त आशय मात्र असा, की ज्याची गुरुपरंपरा आणि पूर्वायुष्य कोणालाही माहीत नाही अशा सत्पुरुषाला सतराव्या शतकाशी जोडणारा धागा मिळावा. ही इच्छा एकट्या बाळकृष्णांची आहे असे म्हणणे अवघड. ती कीर्तनकार दासगणूंची, ग्रंथ ऐकणाऱ्या समुदायाची आणि कदाचित एका प्रांताची आहे. गणनाथ ओबेसेकरे यांनी ‘द वर्क ऑफ कल्चर’ (1990) या पुस्तकात फ्रॉइडच्या ‘स्वप्नकार्या’ला समांतर असे ‘संस्कृतीचे कार्य’ कल्पिले, ते अशाच स्थळी उपयोगाचे ठरते. व्यक्तीच्या अबोधातील द्रव्य सार्वजनिक प्रतीकाचा आकार घेते, आणि तो आकार मग पुढच्या माणसाच्या स्वप्नात तयारच मिळतो. युंगचा ‘ज्ञानवृद्ध’ हा आदिबंध समर्थांना लावता येतो, पण लावून हाती काय येते? गुरू स्वप्नात येतो एवढेच. कोणत्या गुरूने कोणत्या गावी यायचे, हा जो येथला प्रश्न आहे, त्याला सामूहिक अबोध उत्तर देत नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांवर आदिबंधात्मक समीक्षेने जो प्रकाश टाकला तो येथे पडत नाही, याचे कारण येथील प्रतिमेला स्थलकाल आहे.

एक आक्षेप रास्त आहे. फ्रॉइडच्या पद्धतीचा कणा म्हणजे स्वप्न पाहणाऱ्याची मुक्त साहचर्ये. चरित्रग्रंथातील भक्त ती कुठून देणार? त्याचे स्वप्नही अनेक वर्षांच्या सांगण्यातून आणि ओवीच्या यमकांतून गेलेले, म्हणजे ‘दुय्यम संस्करणा’चा अतिरेक झालेले. पण यान्सेनच्या ‘ग्राडिव्हा’ या कादंबरिकेतील कल्पित स्वप्नांचा अर्थ फ्रॉइडनेच 1907 मध्ये लावला होता. तेथे संहितेचा उर्वरित भाग हेच साहचर्याचे द्रव्य ठरले. तोच मार्ग येथे मोकळा आहे, मात्र त्यासाठी प्रसंग सुटा उचलून प्रतीककोशाशी ताडण्याची सवय सोडावी लागते.

बहिणाबाईंचे उदाहरण शेजारी ठेवले की फरक स्पष्ट होतो. त्यांना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नात झाला, आणि हे त्यांनी आत्मनिवेदनपर अभंगांत स्वतः सांगितले आहे. वासराचा मृत्यू, जयरामस्वामींचे कीर्तन, नवऱ्याची मारहाण हे सारे स्वप्नाच्या आगेमागे त्याच आवाजात येते. तुकोबांनाही बाबाजींचा उपदेश आणि नामदेवांची आज्ञा स्वप्नातच मिळाली. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू पत्करण्याची परवानगी जागेपणी कोणाकडूनही मिळाली नसती, ती स्वप्नाने दिली. येथे मनोविश्लेषणाला अंदाज बांधावे लागत नाहीत.

‘गजानन विजया’च्या विसाव्या अध्यायात मात्र अशा आवाजाची उणीव भासते. रायली कंपनीच्या एका एजंटाने दसऱ्याला अभिषेकादी खर्च करावा हे त्याच्या पत्नीला पटत नाही. महाराज तिच्या स्वप्नात येतात, पतीच्या आड येऊ नको असे सांगतात, आणि तिचा विरोध मावळतो. पराहंचा आवाज म्हणून हे स्वप्न वाचणे सोपे आहे. त्यापेक्षा लक्ष वेधते ते हे, की स्वप्नाला मोडून काढायला विरोध हवा म्हणून कवीला तो आधी नोंदवावा लागला. कापसाच्या व्यापारावर चाललेल्या घरातील एका बाईचा सणाच्या खर्चाचा हिशेब त्यामुळे ओवीत राहून गेला. तिने स्वप्न सांगितले कसे, कोणाला, आणि सांगताना काय वगळले, याविषयी ग्रंथ बोलत नाही. बाळकृष्णांना संशय घेण्याची मुभा होती आणि तो फेडायला दुसरे स्वप्न पडले. या बाईला एकच पडले.