ओळखीचा तास की पाठांतराचा?

जूनमध्ये नवा वर्ग भरला की पहिला तास ठरलेला. एकेकाने उभे राहायचे, नाव-गाव-छंद सांगून खाली बसायचे. कुणी त्याचा खेळ करतात: आधीच्या सगळ्यांची नावे म्हणून मग आपले जोडायचे. चाळिसाव्या मुलावर हा अन्यायच!

माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवले, की आपली पाळी जवळ आली की लगेच आधी बोललेल्याचे शब्द नीट लक्षात राहत नाहीत. म्हणजे शेजाऱ्याचीच ओळख निसटते.

जळगाव-धुळ्यात अडचण आणखी खोल आहे. अमळनेर-साक्रीकडे घरी अहिराणी, रावेर-यावलला लेवा बोली, शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात पावरी. साऱ्या वर्गासमोर पुस्तकी मराठीत बोलायचे म्हटल्यावर मूल पुटपुटते आणि बसते. आपण मनात 'बुजरा' असा शेरा मारून मोकळे! तो शेरा पुढे वर्षभर पुसला जात नाही.

त्यापेक्षा वीस-वीस मुलांच्या दोन रांगा समोरासमोर बसवून पाहा. जोडीजोडीने दोन मिनिटे गप्पा, मग एकाच रांगेने एक जागा सरकायचे. विषय साधा द्यावा: घरी भाकरी कशाची, मुंगीला काय म्हणतात? कुणी 'मन्हं नाव अमुक शे' म्हणाले तर म्हणू द्यावे. वीस फेऱ्या, चाळीस मिनिटे, ४०० जोड्यांची भेट. चाळीस जणांच्या एकूण जोड्या ७८०. उरलेल्या ३८० कोणत्या, हे मुलांनाच शोधू द्या. गोंगाट मात्र होईल; शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवावे.