फुकट मिळालं, पण आपलं झालं का? क्यूजीआयएसबद्दल एक तक्रार

जीआयएसच्या कुठल्याही कार्यशाळेला जा, पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य येतंच: ‘क्यूजीआयएस फुकट आहे, लायसन्स लागत नाही.’ वाक्य खरं आहे. माझा भूजलाचा सगळा अभ्यास याच सॉफ्टवेअरवर चालतो आणि ते विकत घ्यावं लागलं असतं तर फेलोशिपमध्ये बसलंच नसतं. तरीही हे वाक्य ऐकलं की मला वैताग येतो, कारण बहुतेक ठिकाणी ओपन सोर्सची चर्चा तिथेच संपते.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. जीआयएस म्हणजे नकाशा आणि तक्ता एकमेकांना जोडलेले. नकाशावर विहिरीचा ठिपका, आणि त्या ठिपक्यामागे तिची खोली, व्यास, मे महिन्यातली पाण्याची पातळी. क्यूजीआयएस हे काम करणारं सॉफ्टवेअर अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलं. सुरुवातीला त्यात फारसं काही नव्हतं, पोस्टजीआयएस या डेटाबेसमधली माहिती लिनक्सवर नकाशा म्हणून बघता यायची, एवढंच. आज दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येते. लायसन्स जीपीएल आहे, म्हणजे कोड वाचा, बदला, बदललेला दुसऱ्यांना द्या, फक्त त्यांनाही हेच हक्क द्या.

या हक्कांपैकी आपण नेमका एकच वापरतो: डाउनलोड करण्याचा.

आपल्या धोरणाचाही भर तिथेच. भारत सरकारचं २०१५ चं ओपन सोर्स धोरण नावातच ‘स्वीकार’ म्हणतं. ई-गव्हर्नन्सच्या निविदांमध्ये पुरवठादारांनी ओपन सोर्सचा विचार करावा, तो वगळला तर कारण द्यावं, अशी त्यात अट आहे. अट चांगलीच आहे. पण स्वीकारलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आपली अडचण सापडली तर ती दुरुस्त करून मूळ प्रकल्पाकडे परत कोण पाठवणार, त्याचा पगार कुठल्या खात्यातून जाणार, हे कार्यालयात विचारून बघा. वाचवलेल्या लायसन्सच्या पैशातला एक रुपया तरी दुरुस्तीसाठी बाजूला काढलेला मी पाहिलेला नाही.

आता म्हणाल, अडचणी आहेत तरी कुठल्या? दोन सांगते. दोन्ही किरकोळ वाटतात आणि दोन्ही नाहीत.

पहिली शेपफाइलची. नकाशाची माहिती साठवण्याचा हा नव्वदीच्या दशकातला फॉरमॅट. त्याचा तक्ता डीबीएफ या त्याहून जुन्या प्रकारात असतो आणि त्यात रकान्याच्या नावाला जास्तीत जास्त १० बाइट मिळतात. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट खातं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना-वेलांटीसुद्धा स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते. म्हणजे आपल्या वाट्याला तीन चिन्हं. ‘तालुका’ लिहा, ‘ताल’ उरतो. ‘विहिरीची खोली’ आणि ‘विहिरीचा व्यास’ या दोन्ही रकान्यांचं ‘विह’ होतं. मग कुठला रकाना कुठला, हे ज्याने फाइल बनवली त्यालाच माहीत, आणि तो बहुधा कंत्राटावरचा मुलगा असतो जो एव्हाना दुसरीकडे लागलेला असतो.

हा दोष क्यूजीआयएसचा नाही. उलट २०१८ मध्ये आलेल्या क्यूजीआयएस ३ ने शेपफाइलऐवजी जिओपॅकेज हा फॉरमॅट मूळ पर्याय केला, आणि त्यात ही कटकटच नाही. पण कार्यालयं आजही ‘शेपफाइल पाठवा’ असंच म्हणतात. सॉफ्टवेअर नवं घेतलं, सवय जुनीच ठेवली. परिणाम असा की मराठी मुलखातली मराठी माहिती इंग्रजी स्पेलिंगमध्ये भरली जाते, एकच गाव तीन स्पेलिंगांनी येतं, आणि संशोधक सहा महिने गावांची नावं जुळवत बसतात. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द यांच्यातला फरक इंग्रजीत ‘बी’ आणि ‘के’ एवढाच उरतो. तेवढाही पुसला गेला की एका गावचा पाण्याचा हिशेब दुसऱ्याच्या नावावर पडतो.

दुसरी अडचण जुन्या नकाशांची. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेल्या आहेत आणि त्यांचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरचा. मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ ही पद्धत वापरतो. पृथ्वी एकच, पण तिचा आकार आणि केंद्र मानण्याच्या या दोन रीती. रूपांतर न करता जुन्या शीटवर नवा जीपीएस बिंदू ठेवला तर महाराष्ट्रात तो शंभरेक मीटर सरकतो. जागतिक नकाशावर हे दिसणारही नाही. पण शंभर मीटर म्हणजे आपल्याकडे दुसऱ्याचा गट नंबर. विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाते, बंधारा ओढ्याबाहेर पडतो.

क्यूजीआयएस रूपांतराचे पर्याय देतं, प्रत्येकापुढे अंदाजे अचूकताही दाखवतं. मात्र हे पर्याय मोठ्या भूभागांसाठी सरासरी काढलेले असतात. कोकणात कुठला बरा चालतो आणि विदर्भात कुठला, हे जागेवर जाऊन, देवळाचा कळस नाहीतर त्रिकोणमितीय खूण शोधून, मोजूनच कळतं. अशी मोजणी आपल्याकडे झालेली नाही असं नाही. ती प्रबंधांच्या परिशिष्टात आहे. परिशिष्ट पीडीएफमध्ये आहे. पीडीएफ ग्रंथालयाच्या कपाटातल्या सीडीवर आहे.

माझं म्हणणं इथे येऊन टेकतं. ओपन सोर्सचा ‘विकास’ म्हटलं की लोकांना सी प्लस प्लस लिहिणारी मंडळी आठवतात आणि ते हात वर करतात. पण मोजलेले बिंदू खुले करणं, नीट बगरिपोर्ट लिहिणं, देवनागरी नावांची चाचणी फाइल देणं, हाही विकासच. तो करायला आपल्यासारखी माणसं सगळ्यात योग्य आहेत, कारण ही अडचण झुरिकमधल्या माणसाला येणारच नाही.

झुरिकचं नाव उगाच नाही घेतलं. नकाशे वेबवर वाढणारा क्यूजीआयएस सर्व्हर तिथल्या ईटीएच विद्यापीठाच्या संशोधनातून आला. म्हणजे आपल्यासारख्याच एका लॅबमधून. ‘त्यांच्याकडे पैसा आहे’ हे उत्तर मला माहीत आहे. म्हणून इंडोनेशिया बघू. पूर किंवा भूकंप झाला तर किती लोक, किती इमारती सापडतील याचा अंदाज देणारं इनासेफ हे क्यूजीआयएसचं प्लगइन तिथल्या आपत्ती निवारण संस्थेने ऑस्ट्रेलिया सरकार आणि जागतिक बँकेच्या साथीने बनवून घेतलं. पैसा बाहेरचाही होता, पण प्रश्न त्यांचा होता आणि उत्तर मूळ सॉफ्टवेअरच्या परिसरातच, सगळ्यांना वापरता येईल असं ठेवलं.

आपल्याकडेही उदाहरण आहे, आणि ते मला मनापासून आवडतं. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, ज्याला सगळे पोकरा म्हणतात, आयआयटी मुंबईने पाण्याच्या ताळेबंदाचं प्लगइन क्यूजीआयएसवरच तयार केलं. पाऊस, मातीचा पोत आणि खोली, उतार, जमिनीचा वापर हे घालायचं. किती पाणी वाहून गेलं, किती मुरलं, पिकाला किती कमी पडलं हे निघतं. मराठवाड्यातल्या शेताचा प्रश्न थेट सॉफ्टवेअरमध्ये उतरला, यापेक्षा चांगला ‘स्वीकार’ कोणता?

पण अशा कामाला एक धोका कायम असतो. प्रकल्पाला मुदत असते, क्यूजीआयएसला नसते. आवृत्ती २ वरून ३ वर जाताना पायथन २ गेलं, पायथन ३ आलं, आणि जगभरची प्लगइन पुन्हा लिहावी लागली. ज्यांची देखभाल करणारं कुणी नव्हतं ती तिथेच राहिली. इथे मला क्यूजीआयएसवरही टीका करायची आहे: प्लगइनच्या भांडारात जिवंत आणि सोडून दिलेली साधनं शेजारी शेजारी दिसतात, नवख्याला फरक कळत नाही. वर्षभर टिकणारी एलटीआर आवृत्ती त्यांच्या दृष्टीने दीर्घ. आपल्या तालुका कार्यालयातलं मशीन एका इन्स्टॉलेशनवर पाच वर्षं काढतं.

मग देखभाल कुणी करायची? विद्यापीठं करू शकतात, पण आमच्या मोजमापात ती कुठेच बसत नाही. एका ज्येष्ठ प्राध्यापकांना मी माझी स्क्रिप्ट प्लगइन म्हणून नीट लिहून, मदतपान जोडून खुली करायची आहे असं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘याचे पेपर किती होतील?’ त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांनाही हाच प्रश्न वरून येतो. पेपर एक होईल, फार तर. स्क्रिप्ट मात्र मी गेल्यावर दुसरं कुणीतरी पहिल्यापासून लिहील.

तूर्त मी एक छोटी गोष्ट करते आहे. मराठी गावांची, जोडाक्षरं आणि रफार असलेली नावं एका जिओपॅकेजमध्ये गोळा करते आहे: कऱ्हाड, त्र्यंबक, इस्लामपूर, अशी. नकाशावर नदीच्या वळणाबरोबर वळवून लिहिलेलं लेबल, अक्षरांमध्ये वाढवलेलं अंतर, छपाईची पीडीएफ, या तिन्ही ठिकाणी ती कुठे तुटतात ते आवृत्ती आणि फॉन्टसकट नोंदवायचं आणि बगरिपोर्टला जोडायचं. तुमच्या गावाचं नाव नकाशावर तुटत असेल तर स्क्रीनशॉट पाठवा. क्यूजीआयएसची आवृत्ती कुठली ते लिहायला विसरू नका, नाहीतर उपयोग नाही.